सावकाशची भाड्याची स्कूटर

आमच्या डेपोत त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कानावर पडायचं. शहरातली बस तो अशी चालवायचा, की मागच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकायचा आणि शेवटी खिडकीतून डोकं काढून विचारायचा, "काय रे, अंडी भरलीस का गाडीत?"

"माणसं भरलीत," सावकाश सांगायचा.

मी त्याच्या गाडीवर कंडक्टर होतो. कुणी म्हातारं माणूस उतरायला लागलं की तो आरशात बघून इतक्या मोठ्याने 'सावकाश' म्हणायचा, की ते दचकून पडायचंच बाकी राहायचं. नाव त्यावरूनच पडलं. त्याच्या उभ्या नोकरीत त्याच्या गाडीने कुणाला खरचटलं नाही. हे तो कधी बोलून दाखवायचा नाही. पण दुसऱ्या कुणाच्या अपघाताची गोष्ट निघाली, की चहा अर्धा टाकून उठून जायचा.

पुढे माझी धाकटी बहीण त्याला दिली. तोवर आमचं अरे-तुरे होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तो 'भावोजी' झाला आणि मी 'मेहुणे'. मी आता घंटीसुद्धा 'अहो' अशी वाजवतो म्हणून डेपोतले लोक हसायचे. ती सवय मोडली नाही, म्हणून इथेही मी भावोजीच लिहितो.

भावोजींच्या हातून गाडी गेली ती पायामुळे. साखर बरीच वर्षं होती, आणि उजव्या तळपायाची जाणीव हळूहळू जात चालली होती. डॉक्टर एक बारीक दोरा तळपायाला टेकवून विचारायचे, "आता कळलं?" भावोजी डॉक्टरांच्या खांद्याकडे बघायचे. खांदा हलला की म्हणायचे, "कळलं." एक-दोन तपासण्या अशा निभावल्या. मग डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले.

त्यानंतर त्या पायाची दोन बोटं काढावी लागली आणि काठी आली. नोकरी संपली. थोड्याच काळात माझी बहीणही गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन. भावोजी तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटे उरले. इमारतीला लिफ्ट नाही. जिन्याच्या वळणावर त्यांनी एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं होतं. चढता-उतरताना त्यावर दम खात बसायचे, आणि येणारेजाणारे अंग चोरून बाजूने निघून जायचे. मी रोज एक चक्कर टाकायचो. त्यापलीकडे माझ्याच्याने काही होण्यासारखं नव्हतं. माझी एकच खोली, आणि तीही चौथ्या मजल्यावर.

त्यांची एकुलती मुलगी, म्हणजे माझी भाची, दुसऱ्या शहरात राहते. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी. तिच्या घरी तळमजल्यावर एक खोली होती. जुनी गादी, मोडका पंखा, शिवणाचं मशीन असलं सगळं तिथे कोंबलेलं. तिची मुलगी टिकली शाळेतून आली की घराला कुलूप, म्हणून शेजारणीकडे बसून राहायची. वडिलांना खोली आणि मुलीला घरात माणूस, असं भाचीच्या मनात होतं. अडत होतं ते जावयापाशी. तो वाईट माणूस नाही, हे मला लिहून ठेवायला हवं. त्याने मला फोनवर सरळ विचारलं होतं, "मामा, पोरगी स्वयंपाकघरात भाजली, पडली, तर बाबा उठून वेळेवर पोचतील का? मला 'हो' म्हणायचंय. पण आधी जरा बघू द्या मला."

नाही जमलं तर दुसरी सोयही बघून ठेवली होती. आमच्याच शहरात मोठ्या हॉस्पिटलच्या मागे वृद्धांसाठी एक घर होतं, तिथे नाव नोंदवून झालं होतं. भावोजी एकदा ते पाहून आले. म्हणाले, "जागा स्वच्छ आहे, मेहुणे. माणसं ओळीने लावून ठेवलीत."

मग सुट्टीत सगळ्यांनी मिळून थीम पार्कला जायचं ठरलं. पार्कच्या जवळ हॉटेलात राहायचं, दिवसभर फिरायचं. भावोजींच्या खोलीत सोबत म्हणून मलाही बोलावणं आलं. सहल टिकलीसाठी, असं सगळे म्हणत होते. पण तिथे काय बघितलं जाणार होतं ते भावोजींना पक्कं ठाऊक होतं. जायच्या आधी त्यांनी नवे बूट घेतले आणि घरातल्या घरात घालून फिरले.

"बाबा, ते पार्क म्हणजे एक गाव आहे," भाची फोनवर म्हणाली. "चालत तुम्हाला झेपणार नाही, आणि व्हीलचेअरवर तुम्ही बसणार नाही. तिथे बॅटरीवरची स्कूटर भाड्याने मिळते. बसायचं आणि चालवायची."

"चालवायची म्हणजे मी चालवायची?"

"मग काय ड्रायव्हर ठेवू?"

नोकरी सुटल्यापासून भावोजींनी कशाच्याच स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मग म्हणाले, "बघू तरी काय वस्तू आहे."

भाड्याचं दुकान पार्कच्या फाटकाला लागून होतं. पुढे काउंटर, मागे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये चार्जिंगच्या वायरी लावलेल्या स्कूटरी एका रांगेत उभ्या. काउंटरवरच्या बाईने एका मेकॅनिकला हाक मारली. पन्नाशीचा, ढगळ डगला घातलेला माणूस. त्याने आमची स्कूटर बाहेर काढली. बसायला खुर्चीसारखी सीट, पुढे हँडल, हँडलला जाळीची टोपली, पाय ठेवायला सपाट पाटा.

"हा अंगठ्याखालचा खटका दाबला की पुढे जाते," तो म्हणाला. "सोडला की थांबते."

"ब्रेक कुठाय?" भावोजींनी विचारलं.

"वेगळा ब्रेक नाही. सोडणं हाच ब्रेक."

"मग पायाला काय काम?"

"पायाला आराम."

"माझ्या पायाला आरामच आहे," भावोजी म्हणाले, आणि तो मेकॅनिक मनापासून हसला. भावोजींनी स्कूटरभोवती एक फेरी मारली. काठीने चारही टायर ठोकून पाहिले, हॉर्न वाजवला, आरसा स्वतःच्या हिशोबाने वळवला. हँडलवर वेगाचं गोल बटण होतं. एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. टिकली म्हणाली, "आबा, ससा करा ना." त्यांनी बटण फिरवून कासवावर ठेवलं आणि वर बोट दाबून धरलं, कुणी हिसकावून घेईल तसं.

सकाळ फार चांगली गेली. त्या माणसाला इतकं सुखात मी बहीण गेल्यापासून पाहिलं नव्हतं. गर्दीतून ते स्कूटर अशी काढत होते, जशी अरुंद रस्त्यातून बस. समोर लहान मूल आलं की आधीच खटका सोडायचे. टिकलीला पाट्यावर उभं राहून यायचं होतं.

"उभ्याने प्रवास बंद," ते म्हणाले.

"थोडंसंच, आबा."

"थोडंसं पडलीस तर?"

जावई मागून चालत होता. त्याने हे ऐकलं, आणि तो माझ्याकडे बघून किंचित हसला. उंच पाळण्याच्या रांगेजवळ तो स्वतःच म्हणाला, "तू आबांजवळ थांब गं टिकली, आम्ही तिकिटाचं बघतो." पोरीला त्याने पहिल्यांदाच त्यांच्यावर सोडलं होतं. भावोजी रस्त्याकडे बघत राहिले, पण त्यांचा कान लाल झालेला मला दिसला.

जेवणानंतर भाची म्हणाली, "बाबा, खोलीला रंग कुठला देऊ?"

"घरात जो डबा उरला असेल तो."

"गुलाबी उरलाय."

"मग गुलाबी. अंधारात कोण बघतंय."

जावई ताटं उचलत होता. "पंखा मात्र नवा लावू," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते आलं आणि आम्हा सगळ्यांना समजलं, की ठरलं.

पाण्याच्या घसरगुंडीपाशी ते घडलं. टिकली आई-वडिलांबरोबर वर गेली होती. आम्ही दोघं खालच्या वाटेवर थांबलो होतो. वाटेच्या एका बाजूला लोखंडी कठडा. घसरगुंडीवरून उतरलेली माणसं भिजलेल्या अंगाने आमच्याकडे यायला लागली. वाट मोकळी करायची म्हणून भावोजींनी स्कूटर कठड्याच्या कडेकडेने पुढे घेतली. कठडा त्यांच्या डावीकडे होता, मी उजव्या हाताला बाजूने चालत होतो. इतक्यात टिकली गर्दीतून धावत आली. केस निथळत होते. ती "आबा" म्हणत थेट स्कूटर आणि कठडा यांच्या मधे शिरली.

भावोजींनी ब्रेक दाबला.

मी ते पाहिलं. त्यांचा उजवा गुडघा वर उचलला गेला आणि बूट खाली आपटला, आमच्या बसमध्ये आपटायचा तसा, पूर्ण ताकदीनिशी. खाली पेडल नव्हतं, सपाट पाटा होता. त्या पायाला काहीच कळत नसल्यामुळे त्यांना पेडल नाही हेही कळलं नाही. आणि माणूस पायाने जीव खाऊन दाबतो तेव्हा हाताची मूठही आवळतो. खटका मुठीत होता.

स्कूटर जोरात गेली असती तर धक्का लागून पोरगी बाजूला तरी फेकली गेली असती. कासवावर होती ती. हळू गेली आणि थांबली नाही. टिकलीचा पाय कठड्याच्या खालच्या गजात अडकला, आणि मोटर घूं करत ढकलतच राहिली. भावोजी पाय दाबत होते, आणखी दाबत होते. मी त्यांची बोटं खटक्यावरून एकेक सोडवली. तोवर एक आवाज झाला होता. तो कसा होता ते लिहीत नाही.

"दाबला होता," ते म्हणत होते. "ब्रेक दाबला होता मी."

धावत आलेल्या जावयाने तेवढंच ऐकलं.

घोट्याच्या वरचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात टिकलीला आत नेलं, आई-वडील तिच्याबरोबर गेले. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. जरा वेळाने भावोजी म्हणाले, "मेहुणे, बुटात ओल कसली आहे बघा." पाण्याजवळ होतो, पाणी गेलं असेल, असं म्हणत मी बूट काढला. मोजा लाल झाला होता. अंगठ्याचं नख मुळातून उखडलं होतं, आणि बुटाच्या आतल्या तळाला एक सुरकुती पडली होती. इतक्या जोराने तो पाय आपटला होता, आणि त्यांना पत्ता नव्हता.

ते मोज्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. हात मांडीवर होता, अंगठा अजून वाकलेलाच. त्यांना समजलं ते मला त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं. माझ्याकडे न बघता त्यांनी मोजा पुन्हा वर ओढला आणि बूट घातला. नर्स कुणाला तरी शोधत समोरून दोनदा गेली. नख दाखवा असंही मी म्हणालो नाही.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत टिकलीचा प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवला होता. भाची वडिलांच्या शेजारी बसली, त्यांचा हात हातात घेऊन. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका बाबा. गाडीच्या ब्रेकने दगा दिला, तुम्ही काय करणार?"

भावोजी काही बोलले नाहीत.

"उद्या मी त्या दुकानदाराला सोडत नाही," जावई म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाच्या हातात असली गाडी देतात म्हणजे काय? बाबांना काही झालं असतं तर?" त्याने त्यांना पाणी आणून दिलं. निघताना त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एरवी तो असं करत नसे.

भावोजी ते पाणी सगळं प्यायले. गुलाबी खोली अजून त्यांची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिकलीला खोलीत झोपलेली ठेवून, तिच्यापाशी हॉटेलातल्या एका बाईंना बसवून, आम्ही चौघं भाड्याच्या दुकानात गेलो. पार्कच्या माणसांनी स्कूटर आदल्या दिवशीच तिथे पोचवली होती. जावयाने काउंटरवरच्या बाईला सगळं सांगितलं. आवाज न चढवता, पण एकही शब्द न गाळता. बाईने आतून मालकाला बोलावलं. मालकाने मेकॅनिकला. त्याने स्कूटर अंगणात काढली, तिच्यावर बसून फिरवली, खटका सोडला, थांबली. पुन्हा फिरवली, पुन्हा थांबली.

"थांबतेय, साहेब," तो म्हणाला.

"आता थांबतेय," जावई म्हणाला. "काल नाही थांबली. एक पोरगी प्लास्टरमध्ये आहे."

मालकाने मेकॅनिककडे बघितलं. "काल बाहेर काढताना कोणी तपासली?"

"मीच."

"मग तू घरी जा. चौकशी होईपर्यंत येऊ नकोस. पुढचं मी कळवीन."

मेकॅनिकने वाद घातला नाही. डगल्याच्या खिशातून चिंधी काढून तो हात पुसायला लागला. हात स्वच्छ होते, तरी पुसत होता.

आमच्या डेपोत एक रीत होती. पाळी संपली की ड्रायव्हर गाडी पुढच्या ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायचा, आणि देताना गाडीबद्दल जे असेल ते तोंडाने सांगायचा. स्टिअरिंग डावीकडे ओढतंय, मागचं दार अडकतंय, काही नसेल तर 'गाडी ठीक'. बायको, साहेब, युनियन, कुणाशीही खोटं बोललेलं चालायचं. गाडी देताना नाही. आणि तरीही अपघात झाला की प्रत्येक ड्रायव्हर म्हणायचा, ब्रेक लागला नाही. मग मेकॅनिक घरी बसायचा. भावोजी अशा ड्रायव्हरच्या शेजारी जेवायला बसत नसत.

ते काउंटरजवळच्या खुर्चीवर बसले होते. काठी टेकून उठले.

"गाडी ठीक आहे," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही बसा," जावई म्हणाला. "मी बोलतोय ना."

"गाडी ठीक आहे. हिला पायात ब्रेक नाही, ते या माणसाने मला सांगितलं होतं. मी पायाने दाबला. हात सोडायचा, तो आवळला."

मेकॅनिकचे हात थांबले.

भाची म्हणाली, "पण काल तुम्ही म्हणालात, दाबला होता."

"दाबला होता. जे नव्हतं ते दाबलं."

"मग तुम्हाला आत्ता कळलं?"

इथे ते 'हो' म्हणू शकले असते. कुणाला कळणार नव्हतं, मला सोडून.

"काल हॉस्पिटलात कळलं."

"म्हणजे संध्याकाळी मी तुमचा हात धरून बसले होते, तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला."

"हो."

ती बाहेर गेली. फाटकापाशी पाठ करून उभी राहिली. जावयाने मालकाची माफी मागितली, मेकॅनिकचीही मागितली. मग भावोजींजवळ येऊन तो हळू आवाजात म्हणाला, "पाय कुणाचाही चुकतो, बाबा. ते मी समजू शकलो असतो." पुढचं त्याने सांगितलं नाही. पोरीला काही झालं आणि याही वेळी ते गप्प बसले तर, असं त्याच्या मनात आलं असणार. मीही बाप असतो तर माझ्याही आलं असतं.

मेकॅनिक स्कूटर शेडमध्ये नेऊन चार्जिंगला लावत होता. तो भावोजींना काही म्हणाला नाही. लोक अशा वेळी आभार मानत नाहीत, आणि मानायला तिथे होतं तरी काय.

परतीच्या प्रवासात खोलीचा विषय निघाला नाही. पुढेही निघाला नाही. महिना संपायच्या आत भावोजी हॉस्पिटलच्या मागच्या त्या घरात राहायला गेले. स्वतःच फोन करून त्यांनी तसं भाचीला सांगितलं. ती रडली, पण नको म्हणाली नाही.

मी आठवड्याला जातो. लांबलचक वऱ्हांडा, दोन्हीकडे खाटा, खाटेला लागून लोखंडी कपाट. अंगठ्याची ती जखम भरली नाही, आणि पुढे घोट्यापासून पाय काढावा लागला. तिथल्या डॉक्टरांनी बॅटरीची खुर्ची देऊ केली होती. ती त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला देऊन टाकली. एकदा मला म्हणाले, "मेहुणे, तुम्ही माझा पाय पाहिला होता ना तेव्हा? आपटताना?"

"पाहिला होता."

"मग त्या संध्याकाळी बोलला का नाहीत?"

मी म्हणालो, "गाडी तुमच्या ताब्यात होती."

त्यांनी मान हलवली. कंडक्टरने ड्रायव्हरच्या वतीने गाडीचं काही सांगायचं नसतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. मग ते म्हणाले, "एक संध्याकाळ. तेवढीच मिळाली मला ती खोली." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सुट्टीत भाची टिकलीला घेऊन येते. टिकली बरी आहे, थंडीत जरा लंगडते. पोरीच्या मनात काही नाही. वऱ्हांड्याच्या टोकापासून ती "आबा" म्हणत धावत सुटते. भावोजी खाटेवर बसलेले असतात. ती जवळ यायला लागली की ते उरलेला पाय खाटेवर घेतात, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरतात, आणि ती येऊन थांबेपर्यंत तसेच बसतात. मिठी ती मारते. ते हात काढत नाहीत.